बर्फ झाडणारे गावंडेकाका

गावंडेकाका म्हटलं की ते गवतावरचा बर्फ झाडत होते ती सकाळ मला आधी आठवते. फुटपाथवरचा झाडून झाला होता, पायऱ्यांवरचा झाला होता, कचऱ्याच्या डब्यांच्या झाकणांवरचासुद्धा पुसून झाला होता. आता घरासमोरच्या हिरवळीची पाळी होती. अंगात मुलाचं निळं जाकीट, डोक्याला माकडटोपी, टोपीवरून मफलर, आणि हातात तळघरातला लांब दांड्याचा झाडू. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून ते मागे मागे सरकत होते, शेणानं अंगण सारवताना सरकतात तसे.

मी खिडकी उघडून म्हटलं, "काका, गवतावरचा काढायचा नसतो."

त्यांनी वर पाहिलं. "काहून?"

या प्रश्नाचा मी तोवर कधी विचारच केला नव्हता. "तो तिथंच राहतो. मग वितळतो."

"वितळून कुठं जाते?"

"जमिनीत."

"म्हंजे चिखल. आन् चिखल झाल्यावर कोण काढते?"

मी खिडकी लावून घेतली. त्यांनी गवत पूर्ण केलं. दिवसभर आमच्या सबंध गल्लीत फक्त आमच्याच घरापुढं हिरवा चौकोन दिसत होता आणि येणारे जाणारे तिथं क्षणभर थांबून पाहत होते.

ही गोष्ट जर्मनीतल्या बॉबलिंगेनची. दोन हजार दहा साल संपत आलं होतं आणि त्या डिसेंबरात बर्फानं नुसता उच्छाद मांडला होता. आमचं घर चढावरच्या एका गल्लीत, सहा बिऱ्हाडांचं. त्यात मराठी दोन: दुसऱ्या मजल्यावर आम्ही, आणि आमच्या खाली प्रशांत गावंडे, त्याची बायको मृणाल आणि छोटी ईरा. प्रशांत जवळच्याच गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. आई गेल्यावर त्यानं वडिलांना तीन महिन्यांच्या व्हिसावर इकडं आणलं. "जरा बदल होईल," म्हणाला. वडील अकोल्याकडच्या एका गावात नगरपालिकेचे स्वच्छता निरीक्षक होते, आता निवृत्त. बर्फ त्यांनी तोवर पाहिला होता तो उसाच्या रसाच्या गाडीवर.

काका आले त्याच्या दुसऱ्या दिवशीच मृणालनं आम्हाला चहाला बोलावलं. त्यांच्या दाराला एक छोटी लाकडी पाटी लटकत होती. काका तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे काय हाये? मी काल आलो तं माझ्या स्वागताले लावली असं वाटलं मले."

प्रशांत हसला आणि विषय बदलायला लागला. मीच सांगितलं. इथं मोठ्या रस्त्यांवरचा बर्फ शहराच्या गाड्या काढतात, पण घरासमोरच्या फुटपाथवरचा घरातल्या लोकांनी काढायचा. सकाळी लोक कामाला निघायच्या आत. काढून झाल्यावर पाय घसरू नये म्हणून वर बारीक कच टाकायची. दिवसभरात पुन्हा पडला तर पुन्हा काढायचा. आणि आपण काढला नाही म्हणून कोणी घसरून पडलं तर जबाबदार आपण. कोणाची पाळी आहे हे कळावं म्हणून ही पाटी त्या आठवड्यात त्याच्या दाराला लटकते आणि रविवारी संध्याकाळी पुढच्या दाराला जाते.

काकांनी कप खाली ठेवला.

"म्हंजे ज्याचं दार, त्यानंच झाडायचं?"

"हो."

"आन् लोक ऐकतात?"

"ऐकतात."

"सगळे?"

"सगळे."

ते उठून दारातल्या पाटीपाशी गेले. मग मुलाकडे वळून दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "तू इथं इतक्या वर्षांपासून राहून राहिला. दर रविवारी फोन करते. मले एका शब्दानं नाही सांगतलंस?"

"बाबा, त्यात सांगण्यासारखं काय आहे?" प्रशांत म्हणाला.

त्यात काय आहे हे मला हळूहळू कळत गेलं. काकांची सगळी नोकरी रिक्षात गेली होती. रिक्षाला भोंगा बांधलेला, आणि काका त्यातून गावभर सांगत फिरायचे, "नागरिकहो, आपापल्या दारासमोरची जागा आपण स्वच्छ ठेवावी." तो आवाज ते आम्हाला काढून दाखवायचे. खर्जातला, खणखणीत, आणि 'नागरिकहो'मधला 'हो' लांबवलेला. "लोक चांगले होते," ते म्हणायचे. "दारात येऊन आयकायचे. रिक्षा पुढं गेली की मागून चहाचा चोथा फेकायचे." हे सांगताना त्यांच्या बोलण्यात कडवटपणा अजिबात नसायचा. उलट चोथा फेकणाऱ्याचं नाव, तो कोणाचा जावई, त्याचं पुढं काय झालं, असं सगळं यायचं.

पाटीवरचा शब्द काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "केरवोखे. वोखे म्हणजे आठवडा. आणि केर म्हणजे..."

"केर म्हंजे केर," काका म्हणाले. "आपलाच शब्द हाये."

नाही, हा जर्मन शब्द आहे, झाडण्यासाठी, उच्चार योगायोगानं सारखा आहे, असं प्रशांतनं, मी आणि माझ्या नवऱ्यानं परोपरीनं सांगितलं. काकांनी आमच्याकडे, सरकारी माहिती नसलेल्या माणसांकडे पाहावं तसं पाहिलं. "नेला असंल कोणीतरी," एवढंच म्हणाले. पुढं ते ज्याला त्याला सांगायचे की जर्मन लोक केर हा शब्द आपल्याकडून घेऊन गेले आणि शब्दाबरोबर झाडूही घेऊन गेले.

आता फ्राउ शॉयफेलेंबद्दल (बाईला फ्राउ आणि पुरुषाला हेर म्हणायचं तिकडं) सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय काकांची गोष्ट पुरी होत नाही.

त्या तळमजल्यावर राहायच्या. घर बांधलं तेव्हापासून. नवरा गेलेला, मुलगी लांब उत्तरेला. बारीक अंगाच्या, ताठ, काकांहून वयानं बऱ्याच मोठ्या. त्यांच्या आडनावाचा अर्थ तिकडच्या बोलीत 'छोटं फावडं' असा होतो, आणि हे मी गमतीनं सांगत नाही. घराचे नियम कुठं लिहिलेले असतील तर असोत, पण ते खरे राहायचे फ्राउ शॉयफेलेंच्या डोक्यात. कोणी कच टाकताना कंजूषपणा केला, कोणी कोपरा सोडला, की त्या काही बोलायच्या नाहीत. दार उघडून त्या कोपऱ्याकडे नुसत्या पाहायच्या. तेवढ्यानं आमच्यासारखी माणसं पुन्हा बूट चढवून बाहेर यायची.

काकांच्या पहिल्या आठवड्यात फ्राउ शॉयफेलेंनी मला जिन्यात थांबवलं. चेहरा गंभीर. म्हणाल्या, "खालच्या फावड्यावर रक्त लागलंय. हेर गावंडेंना काही लागलंय का?"

मी तळघरात जाऊन पाहिलं. बर्फाच्या त्या सुपासारख्या रुंद फावड्यावर कुंकवाचं बोट होतं. नवीन हत्यार हातात घेताना काकांनी लावलेलं. मी फ्राउ शॉयफेलेंना समजावून सांगितलं की हा अवजाराविषयीचा आदर आहे. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "गेनाऊ." म्हणजे बरोबर. मग तो आदर पुसला जाऊ नये म्हणून त्यांनी आठवडाभर फावडं धुवायचं टाळलं, आणि हे त्यांच्या दृष्टीनं फारच मोठं होतं.

काका पहाटे उठायचे, खिडकी उघडून हात बाहेर काढायचे. हातावर काही पडलं की आतून आवाज यायचा, "पडून राहिला! पडून राहिला!" आमच्या घरात तो स्वयंपाकघराच्या पाइपातून स्पष्ट ऐकू यायचा. बाकीचं जग बर्फ पडला की कण्हायचं. काका पगार झाल्यासारखे खाली उतरायचे. ईरानं त्यांना एक वाक्य शिकवलं होतं: "इश रॉयमे." मी साफ करतो. ती स्वतः आजोबांशी जर्मनमधूनच बोलायची, आजोबा तिच्याशी मराठीतून, आणि दोघांचं कधी अडलं नाही. काका फुटपाथवरून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून, छातीला हात लावून सांगायचे, "गुटन मॉर्गन. इश रॉयमे." आमच्या टपालवाल्या बाईंना ते त्यांचं नावच वाटलं. त्या लांबूनच हाक मारायच्या, "मॉर्गन, हेर रॉयमे!" काका खूश.

एकदा मात्र चौथ्या मजल्यावरचे डॉक्टर भडकले. रात्रपाळी करून सकाळी परत आले तर त्यांच्या गाडीच्या जागेवर बर्फाचा ढीग. ढीग म्हणजे साधा नव्हे. रस्त्याच्या कामावर खडीचे चट्टे लावतात तसा, वरून सपाट, कडा फावड्यानं ठोकून काटकोनात आणलेला. काका शेजारी उभे.

"हा काय प्रकार आहे?" डॉक्टरांनी मला विचारलं.

मी काकांना विचारलं.

"मोजायले सोपा जाते," काका म्हणाले. "कोणी तपासायले आलं तं?"

"कोणी येत नाही तपासायला, काका."

"कोणीच?"

"कोणीच."

काकांनी त्या चट्ट्याकडे पाहिलं. असं काम केलं आणि तपासायला कोणी येणार नाही, हे त्यांना पटवून घ्यायला वेळ लागला. मग ते डॉक्टरांना म्हणाले, "तुम्ही तं पाह्यलं ना? मंग झालं," आणि त्यांनी तो सगळा ढीग टोपली टोपलीनं मागच्या अंगणात नेऊन टाकला. तिथं तो पुन्हा काटकोनातच रचला. डॉक्टर गाडीत बसून वाट पाहत राहिले.

एकदा दुपारी मी त्यांच्याबरोबर कच टाकत होते. त्यांचं मन प्रसन्न दिसत होतं म्हणून मी विचारलं, "घरी अंगण तुम्हीच झाडायचात का?"

"छे," ते म्हणाले. कचेची मूठ तशीच हातात राहिली. "आमची मंडळी झाडायची. म्हणायची, गावाले सांगत फिरता, आपल्या दारात कधी झाडू घेतला का हातात? खरं होतं तिचं. मी फक्त सांगायचो." मग ती मूठ त्यांनी बी पेरल्यासारखी हळूच पसरवली. "ती असती तं पाह्यलं असतं तिनं मले. हसली असती लय."

मग वाकून त्यांनी पुढची मूठ भरली.

रविवार आला. काकांनी पाटी पुसली, दोन्ही हातांनी धरून खाली नेली आणि फ्राउ शॉयफेलेंच्या हातात दिली. त्यांनीही ती दोन्ही हातांनी घेतली. कोणाचा सत्कार चालला आहे हे तिसऱ्या माणसाला कळलं नसतं.

सोमवारी पहाटे पुन्हा भरपूर पडला. आणि काकांना राहवलं नाही. आठवडा आपला नाही हे माहीत असून त्यांनी फुटपाथ साफ केला, कच टाकली आणि पायरीवर उभे राहून फ्राउ शॉयफेलेंची वाट पाहत राहिले. त्यांना वाटलं म्हातारी बाई, खूश होईल.

फ्राउ शॉयफेले बूट, हातमोजे, टोपी असा सगळा जामानिमा करून फावडं घेऊन बाहेर आल्या. साफ फुटपाथ पाहिला. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "नोइ," त्या म्हणाल्या. तिकडच्या बोलीतला 'नाही'. "नोइ, नोइ, नोइ."

मी ऑफिसला निघाले होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. काकांनी कडेला रचलेल्या चट्ट्यात फ्राउ शॉयफेलेंनी फावडं घातलं आणि तो बर्फ परत फुटपाथवर टाकायला सुरुवात केली. शांतपणे, एकसारखा पसरवत. सगळा फुटपाथ पुन्हा पांढरा झाला. मग त्या सुरुवातीच्या टोकाला गेल्या आणि तो साफ करू लागल्या.

काका भीतीनं आणि आदरानं पाहत होते. "काय म्हणून राहिल्या त्या?" त्यांनी हळूच विचारलं.

"म्हणतायत, हा माझा आठवडा आहे."

"बरोबर हाये," काका म्हणाले. "चुकलं माझं. मी बाईच्या हद्दीत घुसलो." आणि टोपी काढून ते मान खाली घालून उभे राहिले, त्यांचं पुरं होईपर्यंत.

एवढ्यावर भागायला हवं होतं. भागलं नाही. त्याच आठवड्यात एकदा पाऊस पडला आणि पडता पडता गोठला. नंतर त्यावर बर्फ. वरून कापूस आणि खाली काच. काकांनी पहाटे हात बाहेर काढला, पायऱ्यांवर पाय ठेवून पाहिला आणि त्यांना धडकी भरली. ही बाई या वयात यावर उतरणार. हद्द गेली खड्ड्यात, असं म्हणून त्यांनी सगळं पुन्हा साफ केलं. खालची काच फावड्याच्या कडेनं फोडून काढली, कच टाकली.

फ्राउ शॉयफेले आल्या. पाहिलं.  चट्ट्यात फावडं घातलं, बर्फ परत टाकायला लागल्या, आणि तिसऱ्या की चौथ्या फावड्याला, स्वतःच टाकलेल्या बर्फावर पाय पडून, आडव्या झाल्या.

मी खाली धावले तेव्हा काकांनी मफलर सोडून त्यांचा हात गळ्यात बांधला होता. मनगट मोडलं होतं. अँब्युलन्स येईपर्यंत काका त्यांच्याशेजारी बर्फात मांडी घालून बसले होते आणि मराठीत एकसारखं सांगत होते, "काही नाही झालं बाई. काही नाही झालं." फ्राउ शॉयफेले डोळे मिटून म्हणत होत्या, "अजून साफ झालेलं नाही." काही समजत नसताना दोघं एकमेकांना उत्तरं देत होते.

खरी तारांबळ नंतर उडाली. घसरून कोणी पडलं की जबाबदार कोण, हा प्रश्न तिकडं हसण्यावारी नेत नाहीत. आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा विमा प्रत्येक घरात असतो. फ्राउ शॉयफेलेंनी हाताला प्लास्टर चढवून घरी आल्या आल्या पहिलं काम केलं ते विम्याच्या माणसाला बोलावण्याचं. प्रशांतचा कायमच्या वास्तव्याचा अर्ज तेव्हा नुकताच गेला होता. त्याचं तोंड उतरलं.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्ही व्हिजिटर आहात. कोणत्याही भानगडीत तुमचं नाव यायला नको. उद्या तो माणूस आला की तुम्ही काही बोलायचं नाही. तुम्ही झोपला होतात."

मृणाल आणि मी तिथंच होतो. काकांनी मुलाकडे शांतपणे पाहिलं.

"माझी सगळी नोकरी लोकायनं मले हेच सांगतलं," ते म्हणाले. "साहेब, आम्ही झोपलो होतो."

 दुभाषी म्हणून बरोबर चल, असं काकांनी मला सांगितलं आणि इस्त्रीचा शर्ट बाहेर काढला.

विम्याचा माणूस तरुण होता, बूट ओले, घाईत असलेला. फ्राउ शॉयफेलेंनी एका हातानं कॉफी केली होती, केक कापला होता. टेबलाच्या एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला काका, मध्ये तो, आणि कडेला मी.

"आल्झो," म्हणजे 'तर मग', अशी त्यानं सुरुवात केली. "या आठवड्यात पाळी कोणाची होती?"

"माझी," फ्राउ शॉयफेले म्हणाल्या.

"आणि तुम्ही बर्फ काढला होता?"

"नाही."

"मग कोणी काढला?"

काकांना प्रश्न कळला. त्यांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. "इश रॉयमे."

तो माणूस माझ्याकडे वळला. मी सांगितलं की यांनी पहाटे पूर्ण फुटपाथ साफ केला होता, कचसुद्धा टाकली होती.

"म्हणजे फुटपाथ साफ होता. मग तुम्ही घसरलात कशावर?"

"बर्फावर."

"नंतर पुन्हा पडला का?"

"पडला नाही," फ्राउ शॉयफेले म्हणाल्या. "मी टाकला."

त्याचं पेन थांबलं. त्यानं कॉफीचा घोट घेतला. "तुम्ही... स्वतः पडण्याआधी... तिथं बर्फ टाकलात?"

"साफ करायला."

तो माझ्याकडे पाहू लागला. आपण जर्मन विसरलो की काय, अशी शंका त्याच्या डोळ्यांत होती. मी म्हटलं, "बरोबर ऐकलंत तुम्ही."

त्यानं पुन्हा एकदा धीर धरला. म्हणाला, विम्याच्या दृष्टीनं आकाशातून पडलेला बर्फ वेगळा आणि माणसानं टाकलेला वेगळा. हा मुळात आकाशातून पडला, मग एकानं काढला, मग दुसरीनं टाकला. तेव्हा हा बर्फ नेमका कोणाचा?

"माझा," फ्राउ शॉयफेले म्हणाल्या. "आठवडा माझा. जबाबदार मी."

मी काकांना मराठीत सांगितलं. काका खुर्चीतून अर्धे उठले. "त्याले सांग बेटा, असं कसं? मी काढला म्हणून तं बाईनं टाकला. मी घरात बसलो असतो तं त्या आपल्या रीतीनं साफ करून मोकळ्या झाल्या असत्या. जबाबदार मी."

मी सांगितलं. फ्राउ शॉयफेलेंनी मान हलवली. "नोइ. हेर गावंडे सहा आठवड्यांतून एकदा जबाबदार असतात. या आठवड्यात त्यांना जबाबदार असण्याचा हक्क नाही."

मी हे काकांना सांगितलं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी टेबलावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाई, एवढं एक मले देऊन टाका."

"काय म्हणाले?" विम्याच्या माणसानं विचारलं.

"जबाबदारी मागतायत," मी म्हटलं.

त्यानं पेनाला टोपण लावलं. "तुम्हा दोघांपैकी कोणाला," तो सावकाश म्हणाला, "दुसऱ्याकडून काही भरपाई हवी आहे का?"

"नाइन," फ्राउ शॉयफेले म्हणाल्या.

मी विचारायच्या आत काकाही म्हणाले, "नाइन." 'नाही' म्हणण्यापुरतं जर्मन त्यांना ईराकडून रोजच ऐकून पाठ झालं होतं.

"मग मला बोलावलंत कशाला?"

फ्राउ शॉयफेलेंना हा प्रश्न असभ्य वाटला. "घडलं, म्हणून सांगायला हवं," त्या म्हणाल्या.

त्यानं केकचा दुसरा तुकडा घेतला.  निघताना त्यानं काकांशी हात मिळवला आणि फ्राउ शॉयफेलेंच्या डाव्या हाताशी. तो फाटकातून बाहेर पडला तेव्हा ते दोघं शेजारी शेजारी खिडकीत उभे होते आणि त्याच्या पायांकडे बघत होते, तो गाडीत सुखरूप बसेपर्यंत.

त्यानंतर एक अडचण उरली. एका हातानं फावडं चालत नाही, आणि आठवडा चुकवणं फ्राउ शॉयफेलेंना मान्य नव्हतं. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि मग वर येऊन, माझ्या तोंडून, काकांना रीतसर विचारलं की ते त्यांचे प्रतिनिधी होतील का. फावडं काका चालवतील, पण आठवडा त्यांचाच राहील. काकांनी हे जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून उभ्यानं ऐकलं आणि होकार दिला.

बघता बघता बाकीच्या बिऱ्हाडांनीही आपापल्या पाळ्या अशाच सोपवल्या, आणि ते दृश्य गल्लीला रोजचं झालं. खाली काका, आणि तळमजल्याच्या उघड्या खिडकीत, गळ्यात हात बांधलेल्या फ्राउ शॉयफेले.

"नोइ, हेर गावंडे! कडेला! कडेला!"

"करून राहिलो ना बाई. तिकडंच येऊन राहिलो."

"जास्त कच!"

"एवढी? दळण टाकून राहिलो का मी?"

"हो, हो. गेनाऊ."

भाषांतराला मी कधी गेले नाही. गरजच पडली नाही. साफ करून झालं की खिडकीतून कॉफीचा कप बाहेर यायचा आणि काका तो फुटपाथवर उभं राहून प्यायचे. आत या म्हणून त्यांनी कधी बोलावलं नाही आणि काकांनाही कधी तसं वाटलं नाही. काम बाहेरचं होतं.

जानेवारीत मध्येच ऊब आली आणि सगळा बर्फ वितळून गेला. काका पहाटे हात बाहेर काढायचे, काही पडायचं नाही, आणि पाइपातून काहीही ऐकू यायचं नाही. मला स्वयंपाकघरात चुकल्या चुकल्यासारखं व्हायचं. फ्राउ शॉयफेलेही कोरड्या फुटपाथकडे पाहत खिडकीत उभ्या असायच्या. शेवटी त्यांनीच उपाय काढला. टाकलेली कच बर्फ गेल्यावर पुन्हा गोळा करायची असते. दोघांनी ती इतक्या सावकाश गोळा केली, की ते काम फेब्रुवारीपर्यंत पुरलं.

व्हिसा संपत आला. मी रजेवर भारतात निघालेच होते, तेव्हा काकांना बरोबर नेशील का, असं प्रशांतनं विचारलं. निघायच्या दिवशी पुन्हा बर्फ पडत होता. फ्राउ शॉयफेले दारात आल्या. प्लास्टर निघालं होतं. त्यांनी काकांशी उजव्या हातानं हात मिळवला, हात चालतो आहे हे दाखवायला जरा जोरातच.

"मार्चमध्ये तुमचा आठवडा येतो," त्या म्हणाल्या. "कोण करणार?"

"प्रशांत करंल," काका म्हणाले.

फ्राउ शॉयफेलेंनी प्रशांतकडे पाहिलं. प्रशांत काकांची बॅग गाडीत ठेवत होता. "तो कोपरे सोडतो," त्या म्हणाल्या.

मी हे भाषांतरित केलं नाही, पण काकांना कळलं असावं. ते गाडीत बसेपर्यंत मुलाला कोपऱ्यांबद्दलच सांगत होते.

फ्रँकफुर्टला विमान उशिरा होतं. धावपट्टीवरचा बर्फ काढायचं काम चाललं होतं. लोक वैतागले होते, मुलं रडत होती, जो तो फोनवर. मी काकांना खुर्चीत बसवून पाणी आणायला गेले. परत आले तर खुर्ची रिकामी. ते पुढं काचेला चिकटून उभे होते.

बाहेर धावपट्टीवर बर्फ काढणाऱ्या मोठमोठ्या गाड्या येत होत्या. एकामागं एक नव्हे, तिरक्या रांगेत. पहिली गाडी जो बर्फ बाजूला लोटायची तो दुसरीच्या पुढ्यात पडायचा, दुसरी तो आणखी बाजूला सारायची, तिथून तिसरी घ्यायची, असं करत शेवटची गाडी सगळा ढीग धावपट्टीच्या पार कडेला नेऊन टाकायची. गाड्यांमधलं अंतर कमी होत नव्हतं, वाढत नव्हतं. मागं काळी, ओली, रुंद पट्टी उरत होती. टोकाला गेल्या की त्या सगळ्या तशाच वळायच्या आणि परत यायच्या.

विमानात बसायची सूचना झाली. रांग लागली, सरकली, संपत आली. मी काकांच्या खांद्याला हात लावला. "काका, चला. आपलं नाव पुकारतील आता."

"थांब बेटा, त्यांचं होऊ दे."

दारापाशी उभी असलेली बाई आमच्याकडे पाहून घड्याळ दाखवू लागली. मी तिला हातानंच जरा थांबायला सांगितलं. शेवटची गाडी कडेला गेली आणि तिथं थांबली. काकांनी काचेवर आलेली आपल्या श्वासाची वाफ बाहीनं पुसली, माझ्याकडे वळले आणि त्या रिकाम्या, काळ्या धावपट्टीकडे बोट दाखवून अगदी हळू आवाजात म्हणाले,

"पाह्यलं? कोणी कोणाले सांगून नाही राहिलं."